बायसेक्टने कमिट दाखवला. आता रिव्हर्ट पाठवायचा की दुरुस्ती?

तुमचा प्रश्न मला असा समजला. नव्या लिनक्स कर्नलवर गेल्यापासून, 'पर्फ' या मोजमापाच्या हत्यारातल्या 'पर्फ रेकॉर्ड'ला '--स्टॅट' लावून घेतलेले थ्रेडनिहाय आकडे चुकायला लागले. सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) आणि इन्स्ट्रक्शन (त्याने पार पाडलेल्या सूचना) हे दोन इव्हेंट तुम्ही एका ग्रुपमध्ये मोजता; सायकल ग्रुपचा लीडर, म्हणजे पहिला इव्हेंट. सगळ्या थ्रेडची मिळून बेरीज पूर्वीसारखीच येते, पण जो थ्रेड जवळपास झोपूनच असतो त्याच्या नावावर भरपूर इन्स्ट्रक्शन दिसतात आणि राबणाऱ्या थ्रेडच्या नावावर तेवढ्याच कमी. बायसेक्टने, म्हणजे बदलांची यादी निम्मी-निम्मी करत सदोष बदल शोधण्याच्या पद्धतीने, कॉन्टेक्स्ट स्विचची (एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाण्याची) वाट हलकी करणारा एक कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) दाखवला. तो रिव्हर्ट केला, म्हणजे मागे घेतला, की आकडे सुधारतात. तुम्ही दोन ओळींची दुरुस्तीही लिहिलीत: टायमरच्या प्रत्येक टिकला (ठरावीक अंतराने येणाऱ्या ठोक्याला) काउंटर वाचून घ्यायचा. तिनेही आकडे सुधारले, पण 'याने लक्षण झाकलं जातं' एवढं लिहून त्या कोडची जबाबदारी असलेल्या मेंटेनरने पॅच परत पाठवला. रिव्हर्ट पाठवू की दुरुस्ती लिहू, आणि लिहायची तर कुठे, हे तुम्हाला हवं आहे.

मेंटेनरचं म्हणणं बरोबर आहे. त्यांनी ते एका ओळीत संपवलं याचं वाईट वाटतं, कारण तुम्ही उत्तराच्या अगदी जवळ आला आहात. तुमच्या प्रश्नातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. एक, बेरीज बरोबर आहे. दुसरं तुम्ही कंसात टाकलंय, की सायकलचे आकडे मात्र ठीक दिसतात. पहिलं वाक्य सांगतं की पैसा हरवलेला नाही, चुकीच्या खात्यावर जमा झालाय. दुसरं सांगतं की ही चूक ग्रुपच्या लीडरला लागू नाही, फक्त त्याच्या मागच्या सदस्याला लागू आहे. बायसेक्टने तुम्हाला चूक कधी शिरली ते सांगितलं. ती काय आहे ते ही दोन वाक्यं सांगतात.

आता आत काय घडतं ते पाहू. प्रोसेसरमध्ये मोजणीचे काउंटर मोजकेच असतात आणि थांबवून पुन्हा सुरू करायला महाग असतात. म्हणून पर्फमध्ये २००९ पासून एक युक्ती आहे. पालक थ्रेडवर लावलेले इव्हेंट मुलांना वारशाने मिळाले असतील, तर त्या दोघांचे पर्फ कॉन्टेक्स्ट (थ्रेडला लावलेल्या इव्हेंटचे संच) म्हणजे एकमेकांच्या तंतोतंत प्रती असतात. अशा एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाताना हार्डवेअरची मांडणी बदलायची गरजच नसते. कर्नल काउंटर चालूच ठेवतो आणि दोन्ही थ्रेडचे कॉन्टेक्स्ट फक्त आपसात बदलतो. बहुतेकांना एकूण आकडाच हवा असतो, त्यांच्यासाठी एवढं पुरतं.

पण तुम्ही '--स्टॅट' लावता, म्हणजे प्रत्येक थ्रेडचा हिशोब वेगळा मागता. मग कॉन्टेक्स्ट बदलताना आकड्यांचीही उलट अदलाबदल करावी लागते, म्हणजे ज्याचा आकडा त्याच्याकडेच राहतो. यासाठी कर्नल क्रमाने तीन कामं करतो. आधी चालू काउंटर वाचून हार्डवेअरमध्ये साचलेली, अजून वहीत न चढलेली मोजणी इव्हेंटमध्ये भरतो. मग इव्हेंट किती वेळ लागू होता आणि किती वेळ प्रत्यक्ष चालला, ते दोन्ही वेळ अद्ययावत करतो. शेवटी मोजणी आणि दोन्ही वेळ यांची अदलाबदल करतो. पहिलं काम राहिलं तर साचलेली मोजणी हार्डवेअरमध्येच पडून राहते आणि पुढच्या वाचनाच्या क्षणी जो थ्रेड चालू असेल त्याच्या खात्यावर जाते. बेरीज बरोबर, वाटणी चूक. तुमचं लक्षण हेच आहे.

तुम्ही त्या कमिटचा जो तुकडा दिलात त्यात वाचनाआधी एक अट आली आहे: इव्हेंट ग्रुपचा लीडर असेल तरच वाचा. हे लिहिणाऱ्याच्या मनात काय असावं याचा मी अंदाज करू शकतो. काही पीएमयूंवर (प्रोसेसरमधल्या मोजणीच्या भागांवर) लीडर वाचला की अख्खा ग्रुप एका फटक्यात वाचला जातो, म्हणून सदस्य पुन्हा वाचणं त्याला फुकट वाटलं असेल. तुमच्या प्रोसेसरच्या पीएमयूवर तसं होत नाही. तिथे प्रत्येक काउंटर वेगळा वाचावा लागतो.

हा अजून अंदाजच आहे, तो सिद्ध करायला हवा. दोन सोप्या चाचण्या आहेत आणि दोन्हींना कर्नल पुन्हा बिल्ड करावा लागत नाही. पहिली: ग्रुपचा क्रम उलटा करा, इन्स्ट्रक्शन लीडर आणि सायकल सदस्य. माझं म्हणणं खरं असेल तर इन्स्ट्रक्शनचे आकडे सुधारतील आणि सायकलचे बिघडतील. दुसरी: थ्रेड सुरू झाल्यावर त्यातल्या एकावर वेगळ्या पर्फ प्रक्रियेतून आणखी एखादा इव्हेंट लावा. त्याने त्या थ्रेडचा कॉन्टेक्स्ट दुसऱ्याची प्रत उरत नाही, अदलाबदलीची जवळची वाट बंद होते आणि कर्नल काउंटर थांबवून-सुरू करण्याच्या लांबच्या वाटेने जातो. आकडे लगेच बरोबर आले तर दोष त्या जवळच्या वाटेवरच आहे. या दुसऱ्या चाचणीवर माझा फार जीव आहे, कारण ती एकही ओळ न बदलता संशयिताला बाजूला काढते.

आता तुमच्या दोन ओळींकडे वळतो. त्यांनी आकडे सुधारले हे खरं आहे आणि का सुधारले हे समजून घेण्यासारखं आहे. दर टिकला काउंटर वाचला की टिकच्या क्षणी जो थ्रेड चालू असेल त्याच्या खात्यावर मधली मोजणी चढते. तुमच्या प्रोग्रॅममध्ये एक थ्रेड बहुतांश वेळ राबतो आणि दुसरा क्षणभर जागा होऊन झोपतो. टिक जवळजवळ नेहमी राबणाऱ्यावरच पडणार, त्यामुळे वाटणी बरोबर दिसते. पण ती मोजणी राहिलेली नाही, वेळेवरून बांधलेला अंदाज झाला आहे.

हे उघडं पाडायला वेगळ्या आकाराचा प्रोग्रॅम लिहा. दोन थ्रेड, एकाच सीपीयूला बांधलेले, पाइपमधून आळीपाळीने एकमेकांना उठवणारे. प्रत्येकाची पाळी एका टिकपेक्षा बरीच लहान हवी. कर्नल २५० हर्ट्झवर बांधला असेल तर टिक ४ मिलिसेकंदांची, १,००० हर्ट्झवर असेल तर १ मिलिसेकंदाची. पहिला थ्रेड साध्या बेरजांचा लूप चालवील. दुसरा मोठ्या मेमरीत विखुरलेली साखळी पकडत जाईल, म्हणजे प्रत्येक पावलाला लागणारी माहिती कॅशमध्ये, जवळच्या वेगवान मेमरीत, सापडणार नाही आणि प्रोसेसर वाट पाहत राहील. दोघांचा वेळ साधारण सारखा होईल असे लूप जुळवा. वेळ सारखा, पण इन्स्ट्रक्शनमध्ये प्रचंड फरक. बरोबर कर्नलवर हा फरक आकड्यांत स्पष्ट दिसेल. तुमच्या पॅचवर इन्स्ट्रक्शन दोघांत वेळेच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास निम्म्या-निम्म्या वाटल्या जातील. मेंटेनरला हे दोन रकाने दाखवले की पुढचा संवाद वेगळ्या पातळीवर जातो.

सॅम्पलचा (ठरावीक मोजणीनंतर घ्यायच्या नोंदीचा) इंटरप्ट आला की तोही त्या इव्हेंटचा काउंटर वाचतो. 'पर्फ रेकॉर्ड' सेकंदाला ४,००० सॅम्पलचा वेग धरून चालतो, त्यामुळे चूक आपोआप लहान दिसते. चाचणीत वेगाऐवजी खूप मोठा ठरावीक पिरियड द्या, म्हणजे इंटरप्ट क्वचितच येईल आणि चूक पूर्ण आकारात दिसेल. मोजायला इन्स्ट्रक्शनच घ्या, तेही फक्त यूजर मोडमधल्या, कारण ठरावीक लूपला त्यांचा आकडा दर खेपेला जवळजवळ तोच येतो. सायकल तशा स्थिर नसतात. लूप किती वेळा फिरला हे प्रोग्रॅमने स्वतः छापलं पाहिजे. मोजमापाचं हत्यारच संशयित असताना त्याच हत्याराने घेतलेली साक्ष पुरत नाही, बाहेरचा साक्षीदार लागतो.

दोष कर्नलच्या कोडमध्येच आहे ना, हे एकदा पाहून घ्या. कर्नल बदलला की भोवतालही बदलतो आणि तोच रिग्रेशनसारखा, म्हणजे आधी चालणारं बिघडल्यासारखा, दिसतो. सर्वांत जास्त फसवणारा प्रकार म्हणजे लॉगमधली 'इंटरप्ट टुक टू लाँग, २५०१ > २५००' अशी ओळ. सॅम्पलचा कमाल वेग मुळात सेकंदाला १,००,००० असतो, म्हणजे दोन सॅम्पलमध्ये १०,००० नॅनोसेकंद, आणि त्यातला २५ टक्के वेळ, म्हणजे २,५०० नॅनोसेकंद, पर्फला वापरायची मुभा असते. ती ओलांडली की कर्नल वेग आपणहून उतरवतो आणि सॅम्पल कमी येतात. तो बिघाड नाही. एनएमआय वॉचडॉग (रोखता न येणाऱ्या इंटरप्टने, म्हणजे एनएमआयने, मशीन अडकलं का हे पाहणारा पहारेकरी) चालू असेल तर तो एक काउंटर अडवून बसतो, मग काउंटर कमी पडले तर इव्हेंट आलटून-पालटून चालवावे लागतात आणि आकडे मोजलेले न राहता गुणून वाढवलेले येतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये चाचणी करत असाल तर पाहुण्याला पीएमयू दिला आहे का ते बघा. तो नसेल तर सायकलच्या जागी सॉफ्टवेअर घड्याळ येतं, इन्स्ट्रक्शन मोजल्याच जात नाहीत आणि तुमची चूक दिसणारच नाही. तुमची बेरीज जुळते आहे, त्यामुळे यातलं काही निघेल असं मला वाटत नाही, पण पॅच पाठवल्यावर हे प्रश्न येतातच. उत्तर तयार ठेवा.

बायसेक्टबद्दलही एक गोष्ट विचारावी लागेल: चूक दर खेपेला दिसायची की अधूनमधून? मागे एकदा रिंग बफरमधल्या (गोल फिरत भरणाऱ्या साठ्यातल्या) नोंदी गळत असल्याची तक्रार शोधताना माझा बायसेक्ट फक्त डॉक्युमेंटेशन बदलणाऱ्या कमिटवर जाऊन थांबला. दोन दिवस वाया गेले. चूक पाचात एकदाच दिसत होती आणि मी प्रत्येक कर्नलवर पाचच खेपा घेत होतो. पाचात एकदा दिसणारी चूक २० खेपांत एकदाही न दिसण्याची शक्यता साधारण १ टक्का असते. एवढं ठीक वाटतं, पण दोन आवृत्त्यांमध्ये १४,००० कमिट असतील तर बायसेक्टला सुमारे १४ पायऱ्या लागतात आणि प्रत्येक 'चांगला' निकाल ही जोखीम पुन्हा घेतो. एक निकाल चुकला की पुढचा सगळा शोध चुकीच्या अर्ध्यात होतो. ४० खेपा घेतल्या तर तीच शक्यता दहा हजारांत एकदोनवर येते. तेव्हापासून आधी वाईट कर्नलवर चूक किती वेळा दिसते ते मोजतो, मग खेपा ठरवतो. तुमच्या बाबतीत रिव्हर्टने आकडे सुधारले आणि कमिटमधली अटही लक्षणाशी जुळते, म्हणून निकालावर मी विश्वास ठेवीन. तरी रिव्हर्ट केलेला आणि न केलेला, दोन्ही कर्नल एकाच कंपायलरने आणि एकाच कॉन्फिगने बांधले होते का, हे पाहा.

आता रिव्हर्ट की दुरुस्ती. हे वेळेवर अवलंबून आहे आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक उत्तरं आहेत. सदोष कमिट अजून आरसी टप्प्यात (रिलीजआधीच्या चाचणी-आवृत्त्यांत) असेल, रिलीज दोनएक आठवड्यांवर असेल आणि कारण पूर्ण समजलं नसेल, तर रिव्हर्ट पाठवण्यात कसलाही कमीपणा नाही. वापरणाऱ्यांचं चालू असलेलं काम मोडायचं नाही, हा लिनस टॉरवाल्ड्स यांनी लावून धरलेला नियम आहे. मूळ लेखक नंतर सुधारलेला कमिट पुन्हा पाठवू शकतो.

या विचाराला ट्रेसिंगच्या इतिहासातच आधार आहे. २००८ मध्ये २.६.२७ च्या आरसी कर्नलांवर इंटेलच्या ई१०००ई नेटवर्क कार्डांमधली कायमस्वरूपी मेमरी खराब व्हायला लागली. संशय साहजिकच नेटवर्क ड्रायव्हरवर गेला. खरं कारण डायनॅमिक एफट्रेसमध्ये, कर्नलच्या फंक्शनांचा माग काढणाऱ्या यंत्रणेत, निघालं. तो फंक्शनांच्या सुरुवातीचे पत्ते चालू कर्नलमध्ये गोळा करून ठेवायचा आणि नंतर तिथला कोड बदलायचा. मधल्या काळात एखाद्या मॉड्यूलची सुरुवातीपुरती लागणारी मेमरी मोकळी होऊन तोच पत्ता कार्डाच्या मेमरीला दिला गेलेला असे. बदलण्याआधी जुनी किंमत जुळते का हे तपासलं जात होतं, पण त्यासाठी वापरलेली सीएमपीएक्सचेंज ही सूचना किंमत जुळली नाही तरी त्या जागी लेखन करतेच. साध्या मेमरीत त्याने काही बिघडत नाही. इथे पलीकडे कार्ड होतं. ९ ऑक्टोबर २००८ ला २.६.२७ बाहेर पडला आणि काही दिवसांतच आलेल्या २.६.२७.१ ने डायनॅमिक एफट्रेस बंद केला. मग २.६.२८ मध्ये पत्ते बिल्डच्या वेळीच गोळा करण्याची नवी मांडणी आली. आधी इजा थांबवली, नंतर निवांतपणे बरोबर बांधलं. ट्रेसिंगचा कोड कर्नलच्या प्रत्येक कोपऱ्यात हात घालतो, म्हणून तिथली चूक भलतीकडेच उगवते.

तुमची स्थिती वेगळी आहे. तो कमिट रिलीज झालेल्या कर्नलमध्ये आहे, त्याच्यावर आणखी कमिट चढले आहेत, आणि कॉन्टेक्स्ट स्विच हलका झाल्याचा फायदा कितीतरी लोकांना मिळतो आहे. रिव्हर्ट केलात तर त्यांचं काम मंदावेल आणि तेही रिग्रेशनच ठरेल. चुकीची अट एकच आहे आणि ती कुठे आहे हेही दिसतं आहे. म्हणून मी दुरुस्ती लिहीन: इव्हेंट चालू असेल तर तो लीडर असो वा सदस्य, अदलाबदलीआधी वाचायचा. दुरुस्ती जिथे नियम मोडला तिथे, अदलाबदल करणाऱ्या फंक्शनमध्येच हवी. टिकचा मार्ग तसाच राहू द्या.

तपासासाठी त्या वाटेवर प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये ओळ लिहिणारं फंक्शन) टाकू नका. तिथे इंटरप्ट बंद असतात आणि रनक्यूचं (चालायला तयार थ्रेडच्या रांगेचं) लॉक हातात असतं. कन्सोलवर लिहिण्याच्या नादात मशीन अडकू शकतं. ट्रेस प्रिंटके वापरा. तो एफट्रेसच्या रिंग बफरमध्ये लिहितो आणि एनएमआयमधूनही चालतो. बूटच्या वेळी हा कर्नल डीबगिंगचा आहे, कामाच्या मशीनवर असुरक्षित आहे, अशी मोठी चौकट येईल. घाबरू नका, पण त्या ओळी पॅचमध्ये राहू देऊ नका. प्रत्येक अदलाबदलीला इव्हेंटची ओळख, तो सदस्य आहे का, आणि वाचनाआधी व नंतरची मोजणी एवढंच लिहा. सदोष कर्नलवर सदस्याच्या दोन्ही किमती सारख्याच दिसतील.

या निमित्ताने बाहेर दिसणाऱ्या नोंदींच्या मांडणीत सुधारणा करण्याचा मोह होईल. तो टाळा. २०११ मध्ये बिग कर्नल लॉक (संपूर्ण कर्नलसाठीचं जुनं एकच लॉक) गेल्यावर ट्रेस नोंदींमधला त्याच्याशी संबंधित 'लॉक डेप्थ' हा रकाना निरुपयोगी म्हणून काढला गेला आणि वीजवापर दाखवणारा पॉवरटॉप हा प्रोग्रॅम मोडला, कारण त्याने नोंदींमधल्या जागा पक्क्या धरल्या होत्या. शेवटी ती जागा रिकामी का होईना, परत ठेवावी लागली. दुरुस्तीच्या पॅचमध्ये फक्त दुरुस्ती असावी.

पॅचच्या वर्णनात पहिला परिच्छेद वापरणाऱ्याला काय दिसतं याचा: कोणता आदेश, कोणते आकडे, कोणते अपेक्षित होते. मग कारण, मग उपाय. 'फिक्सेस' ओळीत त्या कमिटच्या हॅशची पहिली १२ अक्षरं आणि त्याचं शीर्षक. रिलीज झालेल्या कर्नलमध्ये दोष असल्यामुळे स्टेबल शाखेची (रिलीजनंतर दुरुस्त्या घेणाऱ्या शाखेची) ओळही घाला. मूळ कमिटच्या लेखकाला प्रतीत घ्या; ती अट का घातली हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल, आणि ज्या पीएमयूचा मी अंदाज केला तो त्याच्यासमोर खरोखर असेल तर तिथे दुहेरी वाचन टाळायचा नीट मार्ग तोच सुचवू शकेल.

शेवटचा प्रश्न खर्चाचा येईल, कारण मूळ कमिट वेगासाठीच होता. 'पर्फ बेंच'मध्ये शेड्यूलरची पाइप चाचणी आहे, ती आपणहून १० लाख फेऱ्या करते. प्रक्रियांऐवजी थ्रेड वापरण्याचा पर्याय देऊन ती तीन स्थितींत चालवा: पर्फ पूर्ण बंद असताना, वारशाचे इव्हेंट लावून पण '--स्टॅट' न देता, आणि '--स्टॅट' देऊन. पहिल्या स्थितीत फरक पडता कामा नये, कारण पर्फची ही वाट 'स्टॅटिक की' या चालू-बंद कळीमागे आहे आणि इव्हेंट नसताना तिकडे वळलंच जात नाही. दुसऱ्या स्थितीतही नको, कारण आकड्यांची अदलाबदल तिथे होत नाही. खर्च फक्त तिसरीत दिसायला हवा, दर सदस्यामागे एक वाचन इतका, आणि तो भरणारे लोक थ्रेडनिहाय आकडे मागणारेच आहेत. हे तीन आकडे आधी आणि नंतर असे वर्णनात टाका, सोबत वर सांगितलेला दोन थ्रेडचा प्रोग्रॅम जोडा. ग्रुपचा क्रम उलटवून पाहिल्यावर सायकल बिघडल्या नाहीत, तर पॅच पाठवण्याआधी इथे परत लिहा. मग माझा तर्क चुकला असेल आणि आपल्याला त्या कमिटच्या बाकीच्या ओळी एकत्र वाचाव्या लागतील.